चारची पाटी

रविवार. अकरापासून मी फाटकापाशी टेबल टाकून बसलेय,
समोर बिस्किटांच्या डब्यात सुट्टे,
मांडीवर केशराचा ट्रे.
फुलं पहाटेच खुडली, दुपारपर्यंत निवडली नाहीत तर माना टाकतात.
एक तिकीट फाडायचं, तीन तंतू ओढायचे.
पाच युरो, पेन्शनवाल्यांना तीन.
सोरतीचं कुपन वेगळं. सामना संपल्यावर डुकराची खारवलेली मांडी लागते कुणाला तरी,
गेल्या वेळी पाद्रीबाबांनाच लागली,
लोक अजून बोलतात.

वाल्देस्पिनोची वस्ती सहाशे बारा.
त्यातले एकशे चाळीस इथं,
बाकीचे म्हणतात, घरबसल्या ऐकू येतं आम्हाला.
येत असेल. सिएर्सो वाहतो ना, उत्तरेचा वारा;
आमच्या गोलकीपरनं लांब मारलेला चेंडू
कधी कधी त्याच्याच हातात परत आणून देतो.

फलक सातुर्निनोनं केलेला, माझ्या नवऱ्यानं,
ऑलिव्ह तेलाचे डबे कापून.
सातच्या पाटीमागं तेलाच्या कंपनीची बाई अजून हसते.
शून्य ते तीन, प्रत्येकाच्या दोन पाट्या.
चारपासून पुढं एकेकच.
मी विचारलं होतं तेव्हा.
म्हणाला, चारच्या पुढचे पाहुण्यांचे, ओब्दुलिया,
आपल्यासाठी कशाला पत्रा वाया घालवायचा?
सव्वीस वर्षं त्याचं म्हणणं खरं ठरलं.
शेवटची अकरा बघायला तो नव्हता.

आज तोर्रेकुएवाचे आले, दोन बस भरून.
मध्यंतराला एक-चार.
माझा दीर फ्रोइलान शिडी चढला, पाहुण्यांकडे चार अडकवली,
उतरून सिगारेट पेटवली. सवयच आहे.

मग इद्रिसा,
डुकरांच्या फार्मवर रात्रपाळी करून थेट आलेला,
कॉर्नरवर सगळ्यांच्या वर उठला. दोन.
मग औषधाच्या दुकानातला नेमेसियो, पेनल्टी,
मारण्याआधी त्यानं क्रॉस केला तो उलट्या बाजूनं. तीन.
आणि एक्क्याऐंशीव्या मिनिटाला कुणीतरी नुसताच पुढं भिरकावलेला चेंडू
वाऱ्यानं उचलला, वळवला,
आणि जाळ्यात नेऊन ठेवला.

ओरडता ओरडता लोक थांबले.
सगळे फलकाकडं बघायला लागले.

फ्रोइलान शिडीवर, हातात काढलेली तीन.
खालून एकजण म्हणाला, दोन-दोनच्या दोन पाट्या लाव.
तर बावीस होतील, गाढवा, दुसरा म्हणाला.
फ्रोइलाननं खाली बघितलंच नाही.
रिकाम्या खिळ्यापुढं हात धरला,
अंगठा मिटून, चार बोटं.
फुलं खुडून नखं पिवळीधमक.
पलीकडच्या गोलपर्यंत वाचता येत होतं;
रेफरीनंसुद्धा मान वर करून खात्री केली.

नऊ मिनिटं.
बहात्तर वर्षांचा माणूस, वाऱ्यात, शिडीवर.
डावा हात, मग उजवा, मग परत डावा,
बदलताना मध्ये क्षणभर आम्ही काहीच नव्हतो.
मी उठले नाही, ट्रे उडाला असता.
पण तंतू ओढायचे राहून गेले.

जादा वेळेत त्यांनी पाचवा मारला.
कसा, ते मला विचारू नका, मी फलकाकडं बघत होते.

त्यांची माणसं नाचत होती तेव्हा
फ्रोइलाननं पाच शोधली, पाहुण्यांकडं लावली,
चार काढली,
उतरला, शिडी सरकवली, परत चढला,
आणि ती आमच्या बाजूच्या खिळ्यावर टांगली.
जरा तिरकीच बसली.
खांदा चोळत माझ्याकडं आला.
"सुटलो, वहिनी," म्हणाला.
मला हसू आलं, मग नाक पुसावं लागलं.
बोटांचं केशर लागलं नाकाला.

मांडी तोर्रेकुएवाच्या ड्रायव्हरला लागली.

फ्रोइलान म्हणतो, आणखी एक चार करून ठेवू.
डबे पडलेत घरी, पत्रा कापायची कात्रीही असेल कुठंतरी.
बघू.
आधी हा ट्रे संपवते.